शपथेचा दगड

कैसराच्या शिपायांनी हद्दीचा दगड फोडला तो काही मुद्दाम नव्हे. खिंडीतून खेचरं न्यायला वाट रुंद करायची होती. आड येईल तो दगड फोडायचा आणि त्याची खडी अंथरायची, एवढंच त्यांना ठाऊक. या दगडाच्या अलीकडं गुराझचं गवत आणि पलीकडं ब्रेगाशचं, भोवती वाडवडिलांनी पुरलेले बारा लहान दगड म्हणजे त्याचे साक्षीदार, हे त्यांना कोण सांगणार? सांगायला गेलेल्या दोघांना त्यांनी चिमूटभर तंबाखू दिली आणि वाटेला लावलं. दुपारपर्यंत दगड आणि साक्षीदार एकाच खडीत मिसळून गेले.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात पावसानं दगा दिला. गावाखालच्या घळीतलं पाणी आटून डबक्याएवढं झालं. डोंगरावर वाहता राहिला तो एकच झरा, फुटलेल्या दगडाच्या अगदी शेजारचा. मग काय, दोन्ही गावांच्या तोंडी एकच बोलणं सुरू झालं की झरा आमचा.

"सुलतान होता तवर झरा गुराझचाच होता," गुराझवाले म्हणत.

"सुलतान होता तवर तुमी बंदुका रोखून बसला हुता, म्हणून," ब्रेगाशवाले उत्तर देत.

कैसराचा अधिकारी म्हणाला, मी कागदावर रेघ ओढून देतो. दोन्ही गावांनी माना डोलावल्या आणि त्याची पाठ वळल्यावर पोटभर हसून घेतलं. सुलतानाच्या माणसांनी रेघ ओढली होती, शेजारच्या मुलखातल्या, काळ्या डोंगराच्या राजानंही ओढली होती. रेघा ओढणारे गेले, गवत आपलं दरसाल उगवत राहिलं. डोंगरात हद्द ठरायची ती एकाच रीतीनं. दोन्ही गावांना मान्य असलेला म्हातारा खांद्यावर दगड आणि मातीचं ढेकूळ घेतो, शपथ घेतो आणि चालू लागतो. तो चालेल ती हद्द. मग त्यावर कोणी ब्र काढायचा नाही. आणि तो खोटा चालला, तर तो दगड परलोकात त्याच्या खांद्यावरून कधीही उतरत नाही.

दोन्ही गावांना मान्य असा एकच म्हातारा उरला होता, गुराझच्या वरच्या आळीतला लुलाश.

*

वरची आळी म्हणायची एवढंच. पूर्वी तिथं पाच घरं होती. काळ्या डोंगरवाल्यांनी ती जाळली. बाकीचे खाली उतरले, लुलाशनं आणि त्याच्या मुलानं मात्र त्याच काळ्या भिंतींवर पुन्हा छप्पर चढवलं. मग तो मुलगाही गेला. पळून निघालेल्या सर्बी फौजेनं वाट दाखवायला म्हणून मेहिलला नेलं, ते ऐन बर्फात. वाट दाखवून तो परत आलाच नाही. त्याचं ना हाड मिळालं ना टोपी. घरात राहिली ती दोनच माणसं, लुलाश आणि मेहिलची बायको म्रिका.

म्रिकाला मूल नव्हतं. बिनलेकराच्या विधवेनं माहेरी जायचं, ही रीत. पण म्हाताऱ्याला भाकरी कोण घालणार, या सबबीवर ती राहिली आणि गावानंही काणाडोळा केला. गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर साय धरायला लागली. एका सकाळी ताक वाडग्यात ओतता ओतता त्यानं ते निम्मं मांडीवर ओतलं. म्रिकानं मांडी पुसली आणि वाडगा पुन्हा भरून दिला. तेव्हापासून ती त्याचा वाडगा रोज एकाच जागी ठेवू लागली आणि वाटेनं जाताना घंटीवाली शेळी पुढं काढू लागली. म्हातारा घंटीमागून चालायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा शेळी राखतोय.

हे लपवायला कारण होतं. आंधळ्याचं घर म्हणजे बंद घर. गावाला कळलं असतं तर म्हाताऱ्याला पुतण्याच्या घरच्या कोपऱ्यात टाकलं असतं आणि म्रिकाला दुसऱ्या दिवशी ब्रेगाशला, तिच्या भावाकडं पोचतं केलं असतं.

गावाचं निशाण ज्याच्या घरी असे तो वुक्सान जेव्हा शपथेचं विचारायला चढून आला, तेव्हा म्रिकानं कॉफीची वाटी म्हाताऱ्याच्या उजव्या गुडघ्याला लावूनच ठेवली. लुलाशनं ती अलगद उचलली. वुक्सानला काही कळलं नाही.

"दुसरा कुणीतरी बगा," लुलाश म्हणाला.

"दुसरा हाय कुटं? जुनी माणसं सगळी वर गेली. आणि तू सोडून ब्रेगाशवाले दुसऱ्याला मान्य बी करंनात."

"माझ्यात त्यास्नी काय एवढं गोड लागलं?"

"ते म्हणत्यात, लुलाशच्या मागं ना पोर ना मेंढरू. खोटं बोलून त्याला मिळणार काय?" वुक्सान अगदी सरळपणानं म्हणाला. "आणि खरंच हाय की."

लुलाश हसला आणि त्यानं डावा कान चोळला. तो कान जरा वाकडा, पिळल्यासारखा होता. विचारात पडला की त्याचा हात तिकडं जायचा. म्रिका चुलीतली लाकडं सारत होती. ना पोर ना मेंढरू, हे शब्द तिला म्हाताऱ्यापेक्षा जास्त लागले. आपण या घरात आहोत, हे कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण देता येत नव्हतं. लुलाश हो म्हणाला.

"करार झाल्यावर कापायची शेळी आमच्या घरची," म्रिका मधेच बोलली. "मी ती घिऊन म्होरं चालते. पाण्याची बुधली बी नेते. उन्हाचं माणसं तापतील."

लुलाशचा हात कानावरच थांबला. "शपथंवाल्याच्या म्होरं कुणी चालायचं नसतं, पोरी."

वुक्सान उठून टोपी घालत होता. "अरे, बाई म्हंजे कुणी न्हवं," तो म्हणाला. "चालू दे की तिला."

*

त्या आठवड्यात घराजवळच्या उतारावर गवत कापायचं काम होतं. गवत कसलं, पिवळी काडी नुसती. म्रिका विळ्यानं कापायची, लुलाश बसल्या जागी दुसऱ्या विळ्याला धार लावायचा. धारेला डोळे लागत नाहीत, अंगठा पुरतो. संध्याकाळी भारे पाठीवर घेऊन दोघं शेळीमागून घरी यायची. बोलणं फारसं नसायचंच. इतक्या उंचावर माणसाचा आवाज आला तर दोघंही एकदम कान टवकारत.

असाच एक दिवस पाश्को आला, म्रिकाचा थोरला भाऊ. खांद्यावर मिठाची पिशवी होती. या दिवसांत मीठ म्हणजे मोठाच आहेर.

"मामा, मीठ आणलंय," असं म्हणून त्यानं पिशवी पुढं केली. लुलाशनं हात पुढं केला तो पिशवीपासून वीतभर लांब. हवेतच बोटं मिटली. पाश्कोनं एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं. मग पिशवी स्वतःच त्याच्या हातात दिली आणि उगाच हवापाण्याच्या गप्पा केल्या.

जाताना म्रिका त्याला लाकडांच्या ढिगापर्यंत सोडायला गेली.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

"काय कवापासनं?"

"म्रिका, एका ताटात जेवलोय आपुण."

"हिवाळ्यापासनं," ती म्हणाली. "गावात बोलू नगंस, दादा. तुझ्या पाया पडते."

त्याच्या पायातल्या कातडी वहाणेचा बंद सुटला होता, तो त्यानं बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला.

"म्हंजे त्या दिवशी हद्द तो चालणार न्हाई," तो हळूच म्हणाला. "तू चालणार."

म्रिकानं तसा विचार केला नव्हता. म्हाताऱ्यानं ठेचकाळू नये, चारचौघांत त्याची शोभा होऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"झरा कुणाचा, तुला ठावं हाय," पाश्को म्हणाला.

ठाऊक होतंच. लहानपणी तिनं तिकडून गवत कापलं होतं आणि लग्नानंतर इकडून. विळा कुठवर चालवायचा आणि कुठं हात आवरायचा, हे तिच्याइतकं दोन्हीकडून कुणालाच माहीत नव्हतं. "झरा गुराझचा हाय, दादा."

"हाय. मी कुटं न्हाई म्हणतोय?" त्यानं मान वर केली. "पर माझी मेंढरं उभ्याउभ्या पडाय लागलीत. काल दोन पडली. मेंढरं गेली की लेकरं पालापाचोळा खातील. म्हातारा आज हाय, उद्या न्हाई. तो गेल्यावर तू येणार ती माझ्याच चुलीपाशी. तवा त्या चुलीवर काय असंल, ते तुझं तू बग."

"मी तुझ्यावर भार घालीन व्हय?"

"माझी बायकू आत्तापासनंच बोलती. खालच्या खोऱ्यात तो लोहार हाय बग, दोन बायका खाल्लेला. त्यानं इचारलंय तुझं. मी आजवर न्हाई म्हणत आलो." एवढं बोलून तो पुन्हा वहाणेकडं पाहू लागला. त्याला लाज वाटत होती, हे म्रिकाला दिसत होतं, आणि त्यामुळंच तिला त्याचा राग करता येईना. "किती दिस न्हाई म्हणू, सांग की."

तो गेला. म्रिका घरात आली तेव्हा म्हातारा मिठाचा खडा जिभेवर ठेवून बसला होता.

"चांगला हाय तुझा भाऊ," तो म्हणाला. "लई लांबनं आलता."

*

शपथेच्या दिवशी सकाळीच दोन्ही गावांचे बापे खिंडीतल्या तुर्की बुरुजापाशी जमले. बुरूज सुलतानाच्या वेळचा, आता त्यात कावळे राहत. एरवी अशा वेळी खांद्याला बंदुका असायच्या. कैसरानं त्या गोळा करून नेल्यामुळं हात ठेवावे तरी कुठं, हे कुणालाच कळत नव्हतं. कोणी कमरेला अडकवत होतं, कोणी पाठीमागं बांधत होतं.

बुरुजापासून वर कड्यापर्यंत जायचं. चढताना डाव्या अंगाला गुराझ, उजव्या अंगाला ब्रेगाश. दोन्ही टोकांना वाद नव्हता. वाद होता तो मधल्या झऱ्यापाशी. वाट झऱ्याच्या उजवीकडून गेली तर झरा गुराझचा, डावीकडून गेली तर ब्रेगाशचा.

वुक्सान आणि ब्रेगाशचा निशाणवाला अशा दोघांनी मिळून दगड उचलला आणि लुलाशच्या खांद्यावर ठेवला. वर मातीचं ढेकूळ. म्हातारा जरासा खचला, मग सरळ झाला. टोपी काढलेल्या डोक्यावर पांढरे केस घामानं चिकटले होते.

"ही माती आणि हा दगड," तो मोठ्यानं म्हणाला, "मी खोटा चाललो तर परलोकात माझ्या खांद्यावर राहू दे."

म्रिका पुढं निघाली. पाठीवर पाण्याची बुधली, हातात शेळीचं दावं. तिच्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. घंटी वाजत होती, मागून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्याही मागं, बऱ्याच अंतरावर, दोन गावं मुक्यानं चालत होती.

काय करायचं हे तिनं खरोखरच ठरवलं नव्हतं. रात्री एक वाटे, सकाळी दुसरं. झऱ्याचा आवाज यायला लागला तसं तिनं दावं आखूड धरलं. फुटलेल्या दगडाच्या जागी नुसता खड्डा होता. तिथून दोन पायवाटा फुटत होत्या. शेळी तहानलेली, ती थेट पाण्याकडं ओढ घेऊ लागली. म्रिकाच्या डोळ्यांपुढं ते लोहाराचं घर आलं. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, पण धूर आणि काळी भिंत दिसली. त्या घरात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तिनं दाव्याला हिसका दिला आणि शेळीला डावीकडं ओढलं.

घंटी डावीकडं गेली.

मागची पावलं थांबली.

म्रिकाला मागं बघायचा धीर झाला नाही. पाण्याचा खळखळाट तेवढा चालू होता. शेवटी तिनं मान किंचित वळवली. म्हातारा खड्ड्याच्या काठावर उभा होता. एका हातानं त्यानं दगड धरला होता आणि दुसरा हात डाव्या कानाकडं गेला होता, जणू तिथं माशी बसलीय. मग तो हात खाली आला. पाऊल उचललं गेलं. म्हातारा घंटीमागून डावीकडं चालू लागला.

मागं गुराझच्या माणसांत एकदम कुजबुज झाली आणि तशीच दाबली गेली. शपथवाला चालत असताना बोलायचं नसतं.

कड्यावर पोचून लुलाशनं दगड टेकवला आणि म्हणाला, "हीच हद्द." तो दगड तिथंच पुरला. खाली झऱ्याच्या डाव्या अंगाला नवा दगड बसवून भोवती बारा साक्षीदार पुरले. शेळी कापली. ब्रेगाशवाल्यांनी खाल्लं. गुराझवाल्यांनी मांसाला हात लावला नाही, आणि पाणी म्रिकाच्या बुधलीतलं असूनही प्यायले नाहीत.

परतायची वेळ झाली तेव्हा म्रिकाच्या लक्षात आलं की शेळी नाही, म्हणजे घंटी नाही. म्हातारा दगडावर बसून होता, उठत नव्हता. तिनं कापलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटी सोडवली, रक्त गवताला पुसलं आणि स्वतःच्या कमरपट्ट्याला बांधली.

"बगा बगा, शेळी मेली आणि हिला घंटी राहिली," ब्रेगाशचा कुणीतरी हसला.

तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. ती उतरू लागली, तसा म्हातारा उठला.

*

गावानं शपथ मोडली नाही. पण गावात लुलाशचं नाव कुणी घेईनासं झालं. गुराझच्या बायका आता तळाच्या घळीतून, गढूळ डबक्यातून बुधल्या भरून वर यायच्या. म्रिका आडवी आली तर खाली बघून निघून जायच्या. एकीच्या खांद्याचं कातडं दोरीनं सोललं होतं. म्रिकानं तिची बुधली घ्यायला हात पुढं केला, तर ती बाई बाजूनं वळून गेली. खोऱ्यातल्या पाणगिरणीवर म्रिकाची पाळी यायचीच नाही. मका घेऊन ती दिवसभर बसायची, आणि शेवटी गिरणीवाला म्हणायचा, पाणी संपलं. मग ती घरी जात्यावर भरडायची.

वुक्सान एकदाच आला. बसला, कॉफी घेतली, वाटी ओठांना लावली नाही.

"काय दिलं त्यांनी तुला?" त्यानं विचारलं.

"मीठ," लुलाश म्हणाला. "पिशवीभर."

वुक्सान उठला. भरली वाटी तशीच ठेवून तो गेला, आणि म्हाताऱ्याच्या घरातून पाहुणा असा उठून जायची ती पहिलीच वेळ होती. म्रिकाला रडू आलं. म्हातारा मात्र वाटी चाचपून म्हणाला, "भरलेली हाय व्हय? आण हिकडं. वाया कशाला घालवायची?"

तिला वाटायचं, सांगून टाकावं. भाकरी थापताना शब्द ओठावर यायचे. पण त्यानं विश्वासानं घंटीमागं पाऊल टाकलं, ते कुठं पडलं हे त्याला सांगून त्याची झोप तरी का उडवायची? उरलेत ते चार दिवस सुखानं जगू दे, अशी ती स्वतःची समजूत घालायची. मनात मात्र तिला माहीत होतं की ती भितेय.

झाडं पिवळी झाली तेव्हा नव्या वाटेवरून माणसं माघारी जाताना दिसू लागली. लुलाश भिंतीला टेकून उन्हात बसला होता. खोकला लागला होता त्याला.

"कोण चाललंय गं?"

"कैसराची माणसं. परत चाललीत."

"सगळी?"

"सगळीच दिसत्यात. काहींच्या पायात जोडं बी न्हाईत."

"आमच्या बंदुका परत देत्यात का, इचार की जरा." तो खोकत खोकत हसला. बराच वेळ वाटेवरच्या पावलांचा आवाज ऐकत राहिला. "सुलतान बुरूज टाकून गेला. काळ्या डोंगरवाल्यांनी राख टाकली. ह्यांनी रस्ता टाकला. आता येणारा काय टाकतोय, कुणाला ठावं."

म्रिका ओसरीवर बसून सूत कातत होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पाणी उजव्या कानाला हुतं."

तिच्या हातातली चाती खाली पडली.

"माझ्या बापानं मला त्या दगडापाशी नेलं आणि हा कान असा पिळला, की रक्त आलं," तो सांगू लागला, अगदी हवापाण्याचं सांगावं तसं. "म्हणला, ध्यानात ठेव, चढताना पाणी ह्या कानाला. मी लई रडलो. मेहिलचा बी पिळला हुता मी. तो रडला न्हाई, मलाच लाथ मारली त्यानं."

"मामंजी…"

"मंग त्या दिवशी पाणी आलं उजव्या कानाला. म्हणलं, म्हातारा झालास, लुलाश. कान बी गेले. पर कान कुटं जात्यात?"

म्रिकानं पदराआड तोंड लपवलं. आता बोलल्याशिवाय सुटका नव्हती. "मंग थांबला का न्हाई तुमी? तितंच दगड टाकायचा. मला मारायचं. समद्यांच्या म्होरं सांगायचं."

"काय सांगू? की मी आंधळा हाय आणि माझी सून मला शेळीमागं फिरवती?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "थांबलो हुतो की. तुला दिसलं असंल. तितं उभं राहून इचार केला. ह्या कुरणात आता माझं कोण जाणार? पोर गेलं. घराला कुलूप लागंल ते लागंलच. तुला मातर कुटंतरी भाकरी खावी लागंल. तुला तितं जगायचंय, पोरी. मला नुसतं मरायचंय."

"आणि गाव? आणि शपथ?"

"गावाचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "लई वाटतं. रात्री त्यांची मेंढरं ओरडत्यात ते ऐकू येतं मला." मग त्यानं खांदा चोळला. "दगडाचं काय. तिकडं मला दुसरं काम तरी काय असणार? शेळ्या न्हाईत, गवत न्हाई. वागवीन."

म्रिका त्याच्या पायाशी जाऊन बसली. तिला माफी मागायची होती, पण जे त्यानं आधीच उचलून खांद्यावर घेतलं होतं, ते परत कसं मागायचं हे तिला कळेना. खाली रस्त्यावरून अनवाणी फौज जात राहिली.

*

पहिल्या मोठ्या बर्फात लुलाश गेला. म्रिका खाली जाऊन सांगून आली. गुराझचे बापे आले, खड्डा खणला, सगळं रीतीप्रमाणं केलं. पण मोठ्या माणसाच्या मयताला गावचे पुरुष रांगेत उभे राहून, छाती पिटून जो हंबरडा फोडतात, तो कुणी फोडला नाही. हात जोडून, बर्फात पाय रोवून सगळे गप्प उभे राहिले. वुक्सान सर्वांत पुढं होता. त्याचे ओठ एकदा हलले, पण आवाज निघाला नाही.

तेवढ्यात खिंडीकडून माणसं दिसली. ब्रेगाशवाले. कमरेएवढ्या बर्फातून ते आले, रांग धरली आणि छाती पिटत म्हाताऱ्याच्या नावानं हंबरडा फोडला. पाश्कोचा आवाज सगळ्यांत मोठा होता. गुराझच्या माणसांनी माना खाली घातल्या. लुलाशला आपल्या गावानं टाकलं आणि परक्या गावानं रडून घेतलं, आणि हे दोन्ही आपल्यामुळं, हे म्रिकाला तिथं उभं राहून पाहावं लागलं.

बर्फ वितळल्यावर पाश्को खेचर घेऊन तिला न्यायला आला. न्यायचं असं काही नव्हतंच. एक गोधडी, दोन भांडी, चातीचं सूत. चूल तिनं स्वतः विझवली. दार ओढून घेतलं. मग कोनाड्यातली घंटी काढून कमरपट्ट्याला बांधली.

"ती कशाला?" पाश्कोनं विचारलं.

तिनं गाठ आणखी एकदा आवळली.

खिंडीतल्या बुरुजापाशी दोघं पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. ब्रेगाशची वाट इथून सरळ पुढं जात होती. म्रिका मात्र थांबली. तिनं इकडंतिकडं पाहून एक दगड निवडला, जेमतेम उचलेल एवढा. तो खांद्यावर घेतला. ओल्या मातीचं ढेकूळ उपटून त्याच्यावर ठेवलं. माती मानेवरून गळ्यात उतरली.

"म्रिका, काय चाललंय?" पाश्को ओरडला.

"हा दगड आणि ही माती," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणायला ती शिकली नव्हती, आवाज चिरकला. "हे ओझं माझ्या खांद्यावर. लुलाशच्या न्हाई."

पाश्कोनं भराभर चौफेर पाहिलं. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. "टाक तो!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "येडी झालीस का? बाईची शपथ कुणी धरत न्हाई. कुणी ऐकणार न्हाई, कुणी मोजणार न्हाई. उगा कशाला?"

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

आणि ती चढू लागली. खड्ड्यापाशी दोन पायवाटा फुटत होत्या. ती उजवीकडं वळली. बर्फाच्या पाण्यानं झरा फुगला होता, त्याचा खळखळाट तिच्या डाव्या कानात भरून राहिला. पाश्को खालून एकदा हाक मारून गप्प झाला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. घंटी नीट ऐकू जाईल अशा बेतानं, म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं, ती वर चढत राहिली.